मास्तरांच्या पाठीमागे

आमच्या बँडच्या पोस्टरवर चार माणसं असायची आणि गाडीत पाच. पाचवे मास्तर. आम्ही चौघं वाजवायचो, गायचो, फोटोत दात दाखवायचो. मास्तर हॉलच्या अगदी शेवटी, प्रेक्षकांच्याही मागे, आपल्या मिक्सरपाशी उभे. मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. शंभरएक बटणांची ती सपाट पेटी, जिच्यातून आमचा आवाज लोकांपर्यंत जातो. कोण किती मोठ्याने ऐकू यायचं, कुणाला दाबायचं, कुणाला वर काढायचं, हे सगळं मास्तरांच्या दहा बोटांत.

एक गोष्ट लोकांना सांगून पटत नाही. स्टेजवरच्या माणसाला आपण कसे वाजतोय ते कळतच नाही. स्पीकरची तोंडं लोकांकडे, आमच्या वाट्याला त्यांची पाठ. आम्हाला ऐकू येते ती नुसती गडबड. म्हणजे बारा वर्षं आम्ही जे वाजवलं ते आम्ही ऐकलंच नाही, ऐकलं ते मास्तरांनी. कार्यक्रम संपला की आम्ही परीक्षेच्या निकालाला गेल्यासारखे त्यांच्यासमोर उभे राहायचो. "दुसऱ्या गाण्यात तू झोपला होतास," हे मला. "कुणाच्या नावाने बडवत होतास एवढा?" हे ड्रमरला. गायिकेशी जरा गोडीने, "पोरी, शेवटच्या ओळीत सूर खाली आला. पाणी पीत जा." तोंडदेखलं कौतुक त्यांना जमायचंच नाही. म्हणून तर नाव पडलं मास्तर.

त्याआधी ते एका दुकानात रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्त करायचे. आमचा एक अँप्लिफायर बंद पडला म्हणून आम्ही तिथे गेलो. त्यांनी तो नीट केला, आणि पुन्हा बंद पडतोय का ते बघायला संध्याकाळी स्वतः कार्यक्रमाला आले. अर्धं गाणं ऐकून थेट मिक्सरपाशी गेले आणि हॉलच्या माणसाला म्हणाले, "सरक जरा. त्या मुलीचे शब्द कळत नाहीयेत." तो सरकला. मग मास्तर तिथून हललेच नाहीत. पंचेचाळिशीचा माणूस, बायको, शाळेत जाणारी मुलगी, बांधलेली नोकरी. आणि आमच्यासारख्या टोळक्याबरोबर गाडीत येऊन बसला. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मला नंतर कितीदा म्हणाल्या असतील, "तुमचा तो डबा दुसऱ्या कुठल्या दुकानात नेला असतात तर काय बिघडलं असतं?"

गाडी मी चालवायचो. बेस गिटारवाल्याला तसंही कुणी ओळखत नाही, तेव्हा त्याने काहीतरी उपयोगी पडावं, असा मास्तरांचा हिशेब. मागच्या सीटा काढून तिथे सामान. आधी स्पीकर, मग अँप्लिफायर, मग ड्रम, आणि फटीफटीतून आमच्या पिशव्या. कुणी एक पिशवी इकडची तिकडे केली तर पुढच्या गावापर्यंत मास्तर बोलायचे नाहीत. उतरायची जागा म्हणजे दोन खोल्या: एक गायिकेची, दुसरीत आम्ही चार पुरुष, धुतलेले टी-शर्ट गिटारच्या स्टँडवर वाळत टाकलेले आणि मास्तरांचं घोरणं. आज साठ माणसांसमोर, उद्या सहाशे, परवा अकरा, त्यातले चार हॉलचे नोकर. आमच्यामागे कंपनी नाही, मॅनेजर नाही. पण स्वतःचा साउंडवाला होता. बरोबरीच्या बँडवाल्यांचा त्यावरून नुसता जळफळाट व्हायचा.

कानात घालायचे ते स्पंजचे बोळे मास्तरांनी आम्हाला जबरदस्तीने घालायला लावले. स्वतः मात्र कधी घातले नाहीत. म्हणायचे, "मी बोळे घालून ऐकलं तर लोक काय ऐकतायत ते मला कसं कळणार?" रोज संध्याकाळी दोन-अडीच तास त्या आवाजाच्या तोंडाशी, उघड्या कानांनी.

नवव्या वर्षी एका कॉलेजच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा बघितलं. पुढच्या रांगेतल्या मुली कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. वाटलं, असेल. पुढच्या गावात तेच. तिसऱ्या गावात कुणीतरी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग गायिकेला पाठवलं. पेट्रोल पंपावर मास्तर चहाला गेले आणि आम्ही चौघं गाडीच्या आडोशाला एका फोनवर वाकलो. ड्रमच्या झांजा पत्रा कापल्यासारख्या. गायिकेच्या प्रत्येक "स"ला शिट्टी. ऐकवत नव्हतं.

आमच्यातला चौथा, साधी गिटार वाजवणारा, म्हणाला, "मास्तरांना वरचं ऐकू येत नाहीये."

कान जायला लागले की आधी बारीक, वरचे आवाज जातात. जे ऐकू येत नाही ते माणूस वाढवतो. मास्तर बिचारे प्रामाणिकपणे वाढवत होते, त्यांच्या कानाला बरोबर वाटेपर्यंत.

आता खरं तर सरळ होतं. चहाच्या टपरीपर्यंत चालत जायचं आणि सांगायचं. वीस पावलं असतील. पण गायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली, "ते खचून जातील, नको." ड्रमर म्हणाला, "आणि दुसरा कोण येणार आहे आपल्याबरोबर या असल्या गाडीत?" दोन्ही खरं होतं. पहिलं आम्ही मोठ्याने बोललो आणि दुसऱ्यावर निर्णय घेतला. एवढं तरी आता कबूल करायला हवं.

तोडगा माझा. मास्तरांच्या मिक्सरमधून निघालेला आवाज स्पीकरपर्यंत जाताना स्टेजच्या कडेला आणखी एका मशीनमधून जातो. तिथे वरखाली सरकणाऱ्या बटणांची एक रांग असते: डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. मास्तर दुपारी एकदा ती रांग लावायचे आणि मग चहाला जायचे. त्यांची पाठ वळली की मी जाऊन उजवीकडची दोन बटणं खाली ओढायची, आणि कार्यक्रम संपला की गुपचूप परत होती तिथे न्यायची. परत आल्यावर त्यांना फरक कळणार नाही, कारण नेमकं तेच तर त्यांना ऐकू येत नव्हतं. त्या संध्याकाळी कुणी कानांवर हात ठेवले नाहीत. कार्यक्रमानंतर तिघांनी माझी पाठ थोपटली, आणि मलाही आपण काहीतरी फार शहाणपणाचं केलंय असं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं होतं.

पहिल्या वर्षी दोन बटणं. दुसऱ्या वर्षी चार. तिसऱ्या वर्षी सात, तीही पार तळापर्यंत. मास्तरांचे कान किती गेले हे जगात एकाच माणसाला नेमकं माहीत होतं, आणि तो त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवत होता. एकीकडे आम्ही त्यांची चेष्टाही करायचो. डिझेल भरायचं का विचारलं तर ते सांगायचे, पोचायला अजून दोन तास. आम्ही फिदीफिदी हसायचो. तेही हसायचे, आम्ही का हसतोय ते न कळताच.

एकदा निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. मास्तर मागे सामान लावत होते. वहिनी माझ्या खिडकीपाशी वाकून हळूच म्हणाल्या, "घरी टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी भिंत ठोकतात. दाराची बेल ऐकू येत नाही त्यांना. कामावर नीट ऐकू येतं ना?"

मी म्हणालो, "वहिनी, आमच्या सगळ्यांपेक्षा त्यांचे कान धड आहेत. घरी लक्ष देत नसतील, नवरेच ते."

त्या हसल्या. "ते मात्र खरं," म्हणाल्या आणि घरात गेल्या. मी गाडी सुरू केली.

बाराव्या वर्षी एका दुपारी, हॉल रिकामा असताना, गायिकेने स्टेजवरून माइकवर विचारलं, "मास्तर, माझा आवाज येतोय का?" तीनदा विचारलं. मास्तर मिक्सरपाशी उभे होते, मान खाली, आणि शांतपणे कुठलंतरी बटण फिरवत होते. चौथ्या वेळी त्यांनी वर बघितलं, तेही तिने हात हलवला म्हणून. मग ते आमच्या चौघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. त्या दौऱ्यानंतर ते आले नाहीत. आम्हीही सहाएक महिन्यांत पांगलो. वहिनींनी त्यांना डॉक्टरकडे नेलं आणि मला फोनवर सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, तीन वर्षांपूर्वी हे काम सोडलं असतं तर निदान होतं तेवढं राहिलं असतं. आम्हाला कुणाला कळलंच नाही हो." त्यांनी मला दोष दिला नाही. मी "काळजी घ्या" म्हणालो. असल्या वेळी तोंडातून काय वाटेल ते येतं.

पुढचे चार महिने मी आज जाऊ, उद्या जाऊ करत काढले. झोप येत नव्हती असं नाही, येत होती, पण सकाळी जाग आली की पहिली ती सात बटणंच दिसायची. शेवटी एका रविवारी सकाळी गेलो.

मास्तर खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. समोर उघडलेला रेडिओ, हातात सोल्डरिंगची तार. कानात यंत्र होतं, पण त्याने फक्त गोंगाट वाढतो, म्हणाले. बोलणं ओठांवरूनच समजतं. रेडिओ नीट झाला की वहिनी लावून बघतात आणि मान हलवून सांगतात, झाला. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला, तेच जास्त लागलं.

मी सांगायला सुरुवात केली. जी गोष्ट मी तीन वर्षं त्यांच्या पाठीमागे गुपचूप केली ती आता ओरडून सांगावी लागत होती. एक वाक्य दोनदा, कधी तीनदा. आतल्या खोलीत वहिनींचा भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी फाटकापाशी त्यांना काय सांगितलं होतं तेही बोललो. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

मास्तर चिडले नाहीत. चिडले असते तर मी पाय धरले असते, तशी तयारी करूनच गेलो होतो. त्यांनी विचारलं, "कुठली बटणं?"

"उजवीकडची. शेवटी शेवटी सात."

"किती खाली?"

"तळापर्यंत."

त्यांनी टेबलावर बोटं ठेवली, एकेक करत सात जागा चाचपल्या. मनाशी काहीतरी मांडून बघत होते. मग म्हणाले, "तळ्याकाठचा तो मोठा कार्यक्रम. हॉलचा म्हातारा मालक मुद्दाम मागे येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाला होता, असा आवाज इथे कधी लागला नाही. घरी येऊन मी हिला किती दिवस सांगत होतो. तो कधीचा?"

"शेवटच्या वर्षातला."

"म्हणजे तोही?"

मी मान हलवली. त्याला ओरडावं लागलं नाही.

त्यांनी रेडिओतली एक सुटी तार बोटाने सरळ केली. मग वर बघून म्हणाले, "कान जायचेच होते रे कधीतरी, त्याचं एवढं नाही. पण आवाज जर तू लावत होतास, तर तीन वर्षं मी तिथे मागे उभा कशाला होतो?"

रागाने नाही विचारलं. एखाद्या यंत्रात बिघाड कुठे आहे ते विचारावं तसं विचारलं, आणि उत्तरासाठी माझ्या ओठांकडे बघत राहिले. वहिनीही माझ्याकडेच बघत होत्या.