बिननावाच्या पायऱ्या

आमचं कांगेमी अजून तासभर लांब होतं. मटाटूवाल्यांचा, म्हणजे इथल्या मिनीबसवाल्यांचा संप, म्हणून मी आणि जेबेट ऑफिसातून चालतच निघालो होतो. मी मनात नाम घेत होते, ती दर दहा पावलांना फोन बघत होती. तिच्या पाठीवर लॅपटॉप. तो ती चर्चमध्येही नेते.

आमची कंपनी गुरांच्या लसींवर नजर ठेवते. गावोगावच्या फ्रिजमधून दर पाच मिनिटांनी लसीच्या पेट्यांचं तापमान येतं. कुठल्या पेटीला आजवर एकूण किती उष्णता लागली, याची बेरीज जेबेटचा प्रोग्रॅम तीन मशीनवर धरून ठेवतो. तीन वर्षं तो चालू आहे. बेरीज पुसली गेली तर खराब लसही ताजी दिसेल, आणि ती टोचलेली गाय साथीत मरेल. 'पेटी टाकून द्या' असे फोन दुकानदारांना मीच करते.

मशीन पडलं तर बेरजांची जपलेली प्रत घेऊन पुन्हा सुरू करता येतं, पण प्रोग्रॅम जसाच्या तसा असला तरच. सुरुवातीला घाईत जेबेटनं त्यातल्या पायऱ्यांना नावं दिली नाहीत. यंत्रणेनं आपणच क्रमांक दिले. आता मध्ये एक पायरी घातली की क्रमांक सरकतात, आणि कुठली बेरीज कुठल्या पायरीची हेच कळेनासं होतं. पायरी तर घालायलाच हवी, कारण संपलेल्या पेट्या विसरायला तिनं प्रोग्रॅमला शिकवलंच नव्हतं. त्यांच्या बेरजांनी मशीनं तुंबतात, कोसळतात, ही त्यांना उभं करते. सगळं पहिल्यापासून एकदम मोजावं म्हटलं, तर आठवड्यापलीकडच्या नोंदी पुसलेल्या असतात.

दुसऱ्या कुणाला तरी शिकव, असं मी म्हटलं. ती हसली. म्हणाली, समीरच्या आई, शिकवलं होतं एकाला, दोन महिन्यांत नोकरी सोडून गेला, शहाणा होता.

शनिवारी कप्साबेतजवळ तिच्या गावी मुलाकडचे लोक तिला मागणी घालायला येणार होते. दोन तारखा तिनं आधीच पुढे ढकलल्या होत्या. आईनं यावेळी पाहुण्यांसाठी भोपळ्यात मुर्सिक, म्हणजे आंबवलेलं दूधही लावलं होतं. गाव डोंगराआड, साधा फोन लागतो, पण तिथून मशीनपर्यंत पोचण्याइतकं नेटवर्क नाही.

भाजलेल्या मक्याच्या गाडीपाशी थांबलो, तेवढ्यात तिचा फोन थरथरला. कणीस माझ्या हातात देऊन ती कठड्यावर बसली, लॅपटॉप उघडला. बराच वेळ बोटं चालली.

"एक मशीन कायमचं गेलं," ती म्हणाली. "सगळा भार आता उरलेल्या दोन मशीनवर. शनिवारपर्यंत तीही रोज पडणार."

"आणि नवीन मशीन?"

"मागवून महिना झाला."

"मग साहेबांना सांग आणि जा गं. तुझं आयुष्य आहे."

"आणि गायी? माझ्या बापाच्या गायीसुद्धा याच लसीवर आहेत, समीरच्या आई." तिनं लॅपटॉप मिटला, पण पिशवीत घातला नाही. "ते लोक तिसऱ्यांदा थांबायचे नाहीत."

कणीस गार झालं होतं. मग तिनं स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला.

"मी शनिवारी येत नाही, हे माझ्या आईला तुम्ही सांगाल? मी बोलले तर ती रडेल, आणि मी गावाला निघून जाईन."