मी सोडलेला मासा

ओल्या जाळ्याचा कुबट वास आला की मला निफाडकडच्या धरणाच्या काठावरची ती सकाळ आठवते. मी तेव्हा गोदावरीत शिरलेल्या परक्या माशांवर पीएचडी करत होते आणि मासेमारी करणाऱ्या एका मावशींच्या जाळ्यात काय काय सापडतं ते टिपून घ्यायचे. त्या दिवशी काळपट, खरखरीत पाठीचा सकर मासा अडकला होता आणि त्याच्या काट्यांनी नवंकोरं जाळं फाटलं होतं. “हा कोनी खात नाय, इकत घेत नाय. आमच्या पाण्यात आलाच कसा?” मावशी वैतागल्या. मी म्हणाले, “शहरात काचेच्या टाकीत पाळतात. फार मोठा झाला की नदीत सोडतात.” मग राहवलं नाही. “शाळेत असताना मीही एक सोडला होता, मावशी. जगावा म्हणून.” त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. आता या मला काठावर उभंही करणार नाहीत, असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, “मंग हेच शाळेत जाऊन सांग, पोरी. मी बी येते, जाळं घेऊन.” आम्ही खरंच नाशिकला माझ्या जुन्या शाळेत गेलो. त्यांनी फाटकं जाळं वर्गात पसरलं, मी माझी चूक सांगितली. एक मुलगी उठून म्हणाली, “आमचा सकर रविवारी नदीत सोडणार होतो. आता कुठे देऊ?” “मला दे,” मी म्हणाले. आज मी कॉलेजात शिकवते, आणि मुलांनी आणून दिलेल्या माशांसाठी गेल्याच आठवड्यात प्रयोगशाळेत दुसरी टाकी मागवावी लागली.