रिपोर्ट चांगला यावा म्हणून

डॉक्टरांनी सुई टोचली नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आबांना, माझ्या वडिलांना, चार दिवस ताप आणि खोकला. आमच्या गावाहून, गडमुडशिंगीहून, त्यांना स्कूटरवर बसवून शहरात शाहूपुरीत आणलं, तर हे नवे डॉक्टर म्हणतात, अँटिबायोटिकच्या आधी रक्त तपासू. सीआरपी. जंतूंचा ताप असला की हा आकडा चांगलाच चढतो, व्हायरसचा असला की बहुधा फारसा नाही. लॅबवाल्याशी साटंलोटं असणार, असं मी धरूनच चालले.

शनिवारी लॅब बंद झाली होती, मध्ये रविवार आला. रक्त सोमवारी दिलं आणि आकडा कमी निघाला.

"मधे घरच्या काही गोळ्या घेतल्यात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. शिकलेल्या बाईवर हा माणूस संशय घेतो म्हणजे काय? पॅरासिटामॉल आणि आराम, एवढ्यावर आमची बोळवण झाली.

बुधवारी आबांना धाप लागली. लॅबनं नमुने बदलले, याबद्दल आता माझी खात्रीच झाली. मुद्दाम दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. आकडा कितीतरी वर गेला होता. दोन्ही कागद मी डॉक्टरांच्या टेबलावर आपटले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. खुर्ची आबांजवळ ओढली. "आबा, खरं सांगा."

"डेअरीला दूध घालायच्या आधी म्हशीला सरकी चारतोय का न्हाय?" आबा धापा टाकत म्हणाले. "फॅट चांगली लागाय पायजे म्हणून. तसंच की. रगत द्यायच्या आधी दोन दिस गोळ्या खाल्ल्या. रिपोर्ट चांगला आला, मग बंद केल्या."

"कुठल्या गोळ्या?" मी ओरडलेच.

"तुज्या कपाटातल्या. तू अर्ध्या खाऊन ठेवलेल्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घसा बरा वाटला म्हणून ती अँटिबायोटिकची पट्टी मीच अर्ध्यात टाकली होती. सगळ्या शाहूपुरीवर संशय घेतला, फक्त स्वतःचं कपाट उघडून पाहिलं नाही.

डॉक्टरांनी लगेच छातीचा एक्स-रे काढायला लावला. फोटोत उजव्या फुफ्फुसात न्यूमोनिया दिसला. ते ॲडमिशनचा कागद भरू लागले.

"सकाळपासून आणखी काही दिलंय?"

'नाही' अगदी तोंडावर आलं होतं. ते गिळून मी आबांकडं वळले.