उभी राहणारी शाल

सगळे त्याला ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंतीपाशी सोडलं की भिंत सरळ की वाकडी ते कळतं. हा माणूस काही न सोडताच सांगायचा. आयुष्यभर त्याने परांच्या बांधल्या. इमारत वर चढताना तिच्याभोवती बांबूंचा आणि फळ्यांचा जो सांगाडा असतो, ज्यावर गवंडी आणि रंगारी उभे राहतात, ती परांची. त्याच्या परांचीवरून कधी कोणी पडलं नाही. कारण साधं होतं. गाठ मारली की तो तिला लटकून बघायचा, अंगातल्या सगळ्या वजनानिशी.

निवृत्त झाला तरी सवय सुटली नाही. खुर्चीवर बसण्याआधी तो खुर्ची हलवून बघे. दवाखान्यात वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं, तर आधी काटा हलवून बघितला.

"लग्नात मला हलवून पाहिलं नाहीत, नशीब माझं," बायको म्हणे.

"तू पक्की दिसत होतीस," तो म्हणे. याहून गोड तो कधी बोलला नाही.

याच सवयीने घोळ घातला. मुलीच्या सासरच्यांनी नवं घर घेतलं आणि विहीणबाईंनी चार माणसांना घर बघायला बोलावलं. पहिल्या मजल्यावर गॅलरी, गॅलरीला लोखंडी कठडा, कठड्यावर फुलांच्या कुंड्या. विहीणबाई पाहुण्यांना कठड्याची नक्षी दाखवत होत्या. ओळंबा पुढे झाला, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि मागे रेलला. कठडा भिंतीतून निघून आला. कुंड्या खाली गेल्या. एक शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत जाऊन बसली. कोणाला लागलं नाही. सगळे आ वासून बघत होते. ओळंब्याने हातातला कठडा हळूच खाली ठेवला आणि म्हणाला, "बघा, मी आलो म्हणून कळलं."

विहीणबाईंचं म्हणणं, त्याने माफी मागावी. नव्या घराची मोडतोड केली, तीही चारचौघांत. ओळंब्याचं म्हणणं, बाईंनी आभार मानावेत. उद्या कोणी टेकून उभं राहिलं असतं तर? दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायची सोय नव्हती. विहीणबाईंनी सांगून टाकलं, "'चुकलं माझं' म्हटल्याशिवाय व्याह्यांनी माझा उंबरा ओलांडायचा नाही."

त्याने वर्षभर ओलांडला नाही. त्याचं काही अडलं नसतं, पण त्या घरात त्याची नात होती. मुलगी तिला अधूनमधून आणायची, तासभर दाखवायची, घेऊन जायची. नात पालथी पडली ती तिकडे. रांगली ती तिकडे. आता ती धरून उभी राहायच्या बेतात होती. आणि कुठलीही गोष्ट पहिल्यांदा उभी राहताना आपण तिथे नसावं, हे ओळंब्याला सहन होणारं नव्हतं.

"मग म्हणून टाका ना. दोनच तर शब्द आहेत," बायको म्हणाली.

"माझं चुकलं असतं तर म्हटलं असतं. कठड्याचं चुकलं."

"कठडा काय बोलणार आहे?"

"तो बोलत नाही, मग मी का बोलू?"

बायकोने कपाळावर हात मारला. ती क्रोशाचं विणायची. टोप्या, मोजे, टीव्हीवरचे रुमाल, सगळं तिच्या हातचं. हातातली सुई तशीच धरून ती म्हणाली, "तोंडाला जमत नसेल तर हाताने मागा. शाल विणा. स्वतः. मधोमध त्यांचा बोका काढा. बाई विरघळतील."

विहीणबाईंचा बोका पांढराशुभ्र, पाठीवर तांबडा डाग, शेपूट तांबडी. त्याला साहेब म्हणत. सोफ्याची मधली जागा त्याची होती आणि त्या घरात शेवटचा शब्दही त्याचाच असे.

काम आहे म्हटल्यावर ओळंबा तयार झाला. मुलीने चौकोनी रेघांच्या कागदावर बोका रंगवून पाठवला. बसलेला, शेपूट वर. बायकोने शिकवायला घेतलं. ही शाल कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी. एका कोपऱ्यात एक चौकोन विणायचा, त्याला लागून तिरक्या रांगेत दोन, मग तीन. रांग लांब होत मध्यावर पोचते, मग तशीच आखूड होत समोरच्या कोपऱ्यात एका चौकोनावर संपते. रंग बदलेल तिथे लोकर बदलायची.

"आणि एक चौकोन म्हणजे तीन साखळ्या आणि त्यांच्या आधाराने तीन खांब," बायको म्हणाली.

ओळंब्याने कान टवकारले. "काय म्हणालीस?"

"खांब. या उभ्या टाक्याला खांब म्हणतात."

"हे आधी सांगायचंस!"

इथे सगळं बिघडलं. टाका म्हणाली असती तर तो घाबरत, चाचपडत विणत राहिला असता. पण खांब त्याला माहीत होता. त्याने एक खांब घातला, लोकर ओढली, आणखी ओढली, करकचून ओढली आणि अंगठ्याने दाबून बघितलं. हलला नाही. मग दुसरा.

"अहो, सैल हात ठेवा."

"खांब आहे ना?"

"नावाला खांब आहे!"

"नावाला खांब असलेले फार बघितलेत मी. सगळे खाली आले."

काम हलकं नव्हतं. शाल विणणं म्हणजे बसल्या बसल्या गंमत, असं ज्यांना वाटतं त्यांनी विणून बघावी. बोटाच्या पेराला सुई टोचून टोचून घट्टा पडतो. मान धरते. दिवसभराची मेहनत मांडीवर पसरली तर हातरुमालाएवढी दिसते. त्यात ओळंबा आवळून विणत असल्यामुळे पुढच्या रांगेत सुई शिरेना. तो ती तळहाताने ठोकून आत घाली. दोन सुया वाकल्या. तिसरी त्याने लोखंडाची करून आणली.

बोका सुरू झाल्यावर लोकरीचे रंगीत गुंडे वाढले. पांढरा इथे, तांबडा तिथे, मागची निळी जमीन दोन्हीकडे. गुंडे एकमेकांत अडकू लागले. बायको प्रत्येक गुंडा वेगळ्या पिशवीत ठेवायची. ओळंब्याने कपडे वाळवायची दोरी बैठकीत आडवी बांधली, तिला आकडे लावले आणि गुंडे वरून सोडले. बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर यायचं तर वाकून यावं लागे.

"घरात इमारत चालू आहे का?" ती म्हणाली.

"पाडायच्या वेळी सांगतो," तो म्हणाला. रंग बदलेल तिथे तो लोकरीची टोकं परांचीच्या गाठीने बांधत होता. ही गाठ ओढली की आणखी बसते.

शाल संपली. बायकोने ती घडी घालायला घेतली. घडी होईना. एक बाजू वाकवली की दुसरी उठायची. वैतागून तिने शाल भिंतीला लावली आणि हात काढला.

शाल उभी राहिली.

बोका त्यांच्याकडे बघत होता. चांगला उतरला होता, नाक जिथल्या तिथे, शेपूट ताठ. आता ती ताठ नसती तरच नवल.

"ही शाल आहे?" बायको म्हणाली. "हिला कडी लावली तर दार होईल."

ओळंबा लांबून बघत होता. एक डोळा मिटून. "काटकोनात आहे," तो म्हणाला.

दोघं निघाले. शाल गुंडाळून त्याने खांद्यावर घेतली. बसमध्ये कंडक्टरने अडवलं, "काका, पत्रा आत आणायला परवानगी नाही." शाल आहे म्हटल्यावर त्याने बोटाने टकटक करून बघितलं आणि पुढे गेला. एका वळणावर दोरी सुटली. शाल फाडकन उलगडली आणि पुढच्या माणसाची टोपी खिडकीबाहेर गेली. उरलेला प्रवास ओळंब्याने शाल पायांनी दाबून धरून केला. बायको दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

विहीणबाई दारात उभ्या होत्या. मागे मुलगी, कडेवर नात. मुलीने आईकडे बघितलं, आईने छताकडे.

"काही म्हणायचंय का व्याह्यांना?" विहीणबाई म्हणाल्या.

ओळंब्याने शाल पुढे केली. विहीणबाईंनी ती उलगडली. बोका बघितला. क्षणभर त्यांचा चेहरा खरंच विरघळला. "अगंबाई, साहेब!" म्हणून त्यांनी शाल अंगावर घेतली.

शाल अंगावर बसली नाही. ती त्यांच्याभोवती उभी राहिली. वरून विहीणबाईंचं डोकं तेवढं दिसत होतं.

"सूनबाई," त्या आतून म्हणाल्या, "मी कपाटात आहे का?"

मुलीने तोंडात पदर कोंबला. विहीणबाई बाहेर आल्या, तरी शाल तशीच जमिनीवर उभी. नात आईच्या कडेवरून खाली उतरली, रांगत गेली, शालीची कड धरली आणि उभी राहिली. धडपडली नाही. शालही हलली नाही.

"बघा!" ओळंबा ओरडला. "धरून उभी राहिली! हललं का काही?"

"शाल पांघरायची असते हो, धरून उभं राहायची नसते!"

एवढ्यात साहेब आला. त्याने शालीतला बोका बघितला, हुंगला आणि त्याच्या नाकावर दोन्ही पंजे रोवून नखं घासायला सुरुवात केली. वरपासून खालपर्यंत. बायकोने डोळे मिटले. ओळंबा मात्र वाकून बघत होता.

"एक धागा निघाला नाही," तो म्हणाला. "एक!"

विहीणबाईंनी साहेबाला उचललं. शाल उलटी करून मागची बाजू बघितली. प्रत्येक गाठ बघितली. मग त्याच्या बोटांवरचे घट्टे बघितले.

"मेहनत आहे," त्या म्हणाल्या. "शाल नाही. उसवा. इथे बसून. माझ्यासमोर. आणि पुन्हा विणा, सैल हाताने."

"इथे?"

"मग काय, लोकर तिकडे नेऊन आणखी एक पत्रा आणणार? या, आत या. साहेबाच्या जागेवर बसू नका."

अशा रीतीने ओळंब्याला घरात घेतलं. माफ केलं नव्हतं, कामाला लावलं होतं. तो रोज सकाळी येई, जेवणाच्या वेळेला परत जाई. नात त्याच्या गुडघ्याला धरून उभी राही आणि शालीपेक्षा जास्त डुगडुगे. विहीणबाई समोर बसून सुटलेली लोकर गुंडाळत.

पण लोकर सुटेना. साधी शाल एक टोक ओढलं की सरसर उसवते. हिच्यात दर चार बोटांवर परांचीची गाठ. ओळंब्याने नखं लावली, दात लावले, सुई लावली. सकाळभर राबून बोक्याचा एक कान निघाला.

"काय हो व्याही," विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या परांच्या काय जन्मभर तशाच राहायच्या? उतरवत नव्हता?"

"उतरवायचो ना. म्हणजे उतरवायला दुसरी माणसं होती. मी बांधून पुढच्या कामावर."

"मग या गाठी ती सोडायची?"

"तीच."

"उन्हातान्हात? वर चढून?"

ओळंब्याने मान वर केली. त्या दिवशी बरोबर आलेली बायको शेजारी बसून नातीला भरवत होती, तिनेही मान वर केली. त्याने पुढची गाठ धरली. ती सुटेना. पिरगळली, सुटेना. त्याच्या डोळ्यांपुढे ती माणसं आली असावीत. बांबूला पायांची मिठी, एका हाताने गाठीशी झटापट, आणि तोंडाने गाठ बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. बोटातून कळ आली, तशी तो मान खाली घालून पुटपुटला, "चुकलं बाबा माझं."

विहीणबाईंच्या हातातला गुंडा थांबला.

"काय म्हणालात?"

"कुठे काय?"

"सूनबाई! बाहेर ये! तुझे बाबा बोलले!"

"अहो, मी त्या माणसांना म्हणालो."

"कुठल्या माणसांना? इथे कोण माणसं आहेत?"

"परांची उतरवणाऱ्या..."

"माझ्या घरात बसून म्हणालात, माझ्यासमोर म्हणालात. मी ऐकलं, सूनबाईने ऐकलं, साहेबाने ऐकलं." विहीणबाई उठल्या. "आज जेवून जायचं. ऐकतेस ना गं, दोन ताटं जास्त."

"विहीणबाई, पण कठड्याच्या बाबतीत माझं म्हणणं अजून..."

बायकोने नातीच्या तोंडाजवळ नेलेला घास वळवला आणि त्याच्या तोंडात घातला.