धुळवडीचा आहेर

"सायेब, चेअरमनला गाढवावर बसविलंय."

धुळवडीची सकाळ. बीट हवालदाराचा फोन. मी खुर्चीतून उठलोच. "खुद्द चेअरमनला?"

"न्हाई, सोंग हाय. कारखान्यातला बन्सी बसलाय. पर हुबेहूब हाय, सायेब." आणि हा शहाणा फोनवरच खुसुखुसू हसला.

मी तेव्हा नेकनूरकडच्या पट्ट्यात फौजदार होतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच नांदतायत. त्या गावची एक रीत आहे. धुळवडीला गावच्या एका जावयाला पकडायचं, चपलांचा हार घालून गाढवावर बसवायचं, वाजतगाजत फिरवायचं आणि शेवटी मारुतीच्या पारावर त्याला नव्या कपड्यांचा आहेर करायचा. सण जवळ आला की जावई परागंदा होतात. साखर कारखान्याचे चेअरमन याच गावचे जावई. कारखाना सहकारी, म्हणजे कागदावर सगळ्यांचा. शाळा त्यांची, दूध संघ त्यांचा, आणि त्या वर्षीच्या दुष्काळात टँकर कुठं जायचा तेही त्यांचाच माणूस ठरवायचा. त्यांना पकडायची कुणाची छाती नव्हती. म्हणून बन्सीनं सोंग घेतलं.

कडक टोपी, काळा गॉगल, पोटाला उशी. गाढवाच्या दोन्ही अंगांना रिकाम्या घागरी, आणि हातात माईक. "बंधू-भगिनींनो, मी पानी आणतो म्हनालो हुतो. आणलं का न्हाई? माज्या मोसंबीला इचारा!" बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या म्हणे. गावात टँकर आठ-आठ दिवस फिरकत नव्हता. चेअरमनची मोसंबी मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही हिरवीगार दिसायची.

अकराच्या सुमाराला चेअरमनचे पी.ए. दोन जीप भरून कार्यकर्ते घेऊन ठाण्यात हजर. "भावना दुखावल्यात. अटक करा."

"कुणाच्या भावना?"

"जनतेच्या."

जनता तर हसत होती. पण हे बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी त्यांना कायदा सांगितला. अब्रूनुकसानी हा अदखलपात्र प्रकार. म्हणजे पोलिसांनी फक्त नोंद करून घ्यायची, आपण त्याला एन.सी. म्हणतो, आणि फिर्यादीला कोर्टाची वाट दाखवायची. परस्पर अटक करता येत नाही.

पी.ए. हसले. "साहेब, एकशे एक्कावन्न आहे की."

माणूस तयारीचा होता. शांतता भंग होईल असं वाटलं तर गुन्हा व्हायच्या आधीच उचलून आत टाकायचं, त्यासाठी हे कलम. वापरायला फार सोपं. नुसतं वाटलं पाहिजे. तेवढ्यात चेअरमनचा फोन. "फौजदारसाहेब, माझं काही म्हणणं नाही हो. मीही विनोद जाणतो. पण कार्यकर्ते ऐकत नाहीत." त्यानंतर वरिष्ठांचा फोन. "निपटवा." कसं, ते कुणीच सांगत नव्हतं. माझं पित्त खवळलं. गोळी घ्यायला पाणी मागितलं तर शिपाई म्हणाला, "माठ कोरडा हाय, सायेब. टँकर आला न्हाई."

बन्सीला आणलं. पोटाची उशी तशीच होती, तोंडावर गुलाल. मी ओरडलो, "कावून केलं बे हे?"

"सायेब, दरवर्सी आमी जावयाला बसवितो. यंदा जावई घावला न्हाई, म्हनून म्या बसलो."

"नोकरी कुठं करतोस ते विसरलास?"

त्यानं टोपी काढून हातात धरली. बन्सी कारखान्यात सीझनल होता, म्हणजे गाळप असेल तेवढे महिने काम. परमनंटची ऑर्डर निघायच्या बेतात होती. पोलीस केस झाली की ऑर्डर गेली, आणि पुढच्या दसऱ्यानंतर बायको-पोरं बैलगाडीत घालून कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. हे त्यालाही कळत होतं. तरी तो म्हणाला, "बोललो त्यात खोटं काय हाय तेवढं सांगा. मंग टाका आत."

मला त्याचा राग आला. खरं बोलणारा माणूस समोर असला की आपलं काम दुप्पट होतं.

बाहेर गाव जमलं होतं. एका बाजूला गुलालानं माखलेली माणसं, दुसऱ्या बाजूला जीपवाले. मधे माझे चार शिपाई आणि ते गाढव. मी खिडकीशी जायचो, खुर्चीत बसायचो, परत उठायचो. एक दगड पडला असता तर एकशे एक्कावन्न आपोआप बरोबर ठरलं असतं. जीपवाले त्याचीच वाट बघत होते.

तेवढ्यात लिंबाजीतात्या आत आले. म्हातारा माणूस, चेअरमनच्या बायकोचे सख्खे चुलते. काखेत कपड्यांचं बोचकं.

"सायेब, आहेर राह्यलाय. जावयाला कापडं दिल्याबिगर धुळवड फिटत न्हाई. बंगल्यावर जाऊन देतो."

ही आणखी एक टिंगल होती की खरीच रीत, ते मला कळेना. त्यांच्या चेहऱ्यावरूनही कळेना. पण एवढं दिसलं की हे बोचकं दगडापेक्षा बरं. "पाचच जण. माझ्या जीपमधून. घोषणा नाही, गाढव नाही."

बन्सीला शिपायाच्या हवाली ठेवून आम्ही निघालो. पी.ए. मागून. बंगल्याच्या व्हरांड्यात चेअरमन उभे होते. बोचकं पाहून त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे घेतलं म्हणजे गाढवावर मीच होतो असं होतं."

"होय साहेब."

"आणि नाही घेतलं तर?"

उत्तर आतून आलं. चेअरमनच्या पत्नी, कमलबाई, दारात येऊन उभ्या होत्या. "तात्या, उनात कावून हुबा राह्यलाव? बसा." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "माज्या माहेरचा आहेर ह्या दारातून माघारी जायचा न्हाई."

त्यांनी स्वतः पाण्याचे तांबे आणले. पाचांत बन्सीची आई होती. तिनं दोन घोट घेतले आणि विचारलं, "उरल्यालं घरी नेऊ का, बाई? सून बाळंतीन हाय."

कमलबाईंनी एकदा बंगल्यासमोरच्या मोसंबीकडं पाहिलं आणि एकदा नवऱ्याकडं. मी इतकी वर्षं जबाब नोंदवले, पण एवढा स्पष्ट जबाब दुसरा आठवत नाही.

चेअरमन अखेर पुढारीच. क्षणात हसले, खाली वाकले, तात्यांकडून फेटा बांधून घेतला. पी.ए.नी फोटोग्राफर बोलावला. "सासुरवाडीचा मान" असं खाली छापून फोटो पेपरात आला. दुसऱ्या दिवशी गावात टँकर आला, त्यावर चेअरमनच्या फोटोचा फलक होता. तक्रार मागे घेतली गेली. बन्सीला मी संध्याकाळीच सोडलं होतं. ना गुन्हा, ना दगड. वरिष्ठ म्हणाले, "छान निपटवलंत." मीही महिनाभर ज्याला त्याला ही गोष्ट सांगत होतो.

पुढच्या सीझनला कारखान्याचा भोंगा झाला. बन्सीला बोलावणं आलंच नाही. कुणी त्याला काढलं नव्हतं, कागद नव्हता, नोटीस नव्हती. तो बायको-पोरं घेऊन कोयत्यावर गेला. त्यासाठी माझ्याकडे कलम नव्हतं. मी पी.ए.ना एकदा विचारलं तर ते म्हणाले, "व्यवस्थापनाचा अंतर्गत प्रश्न आहे, साहेब."

पुन्हा धुळवड आली. पुन्हा हवालदाराचा फोन.

"सायेब, बन्सी ऊसतोडीच्या टोळीतून खास आलाय. पुन्ना गाढवावर बसलाय."

"आता कोण?"

"तुमी, सायेब."

खाकी सदरा, तोंडात पित्ताची गोळी, आणि माईकवर भाषण. "पाचच जन या! घोसना न्हाई! बगा, कुनाला खरचटलं न्हाई, म्या कसा न्याव केला! बन्सी कुटं गेला म्हनता? तो माज्या हद्दीत न्हाई!" गाव लोटपोट झालं म्हणे. ऐकता ऐकता माझे कान तापले. हात आपोआप कलमांच्या पुस्तकाकडं गेला, हे इथं लिहून ठेवतो. टिंगल चेअरमनची होती तोवर मला कायदा किती नीट समजत होता!

दुपारी लिंबाजीतात्या ठाण्यात आले. काखेत बोचकं.

"तात्या, मी तुमच्या गावचा जावई नाही."

"ठावं हाय. पर बसलाव तर आहेर घ्यावा लागतोय."

आत टॉवेल आणि टोपी होती. टोपी मला घट्ट झाली. तरी घातली, आणि सगळ्या शिपायांसमोर संध्याकाळपर्यंत काढली नाही.