एक पाट, दोन तलाव

मुर्री गावात आमच्या घरी एकाच वायरीवर दोन कंपन्यांचं इंटरनेट जोडायला आलेला माणूस थेट धानाच्या रोवण्यातून आला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, नखांत चिखल.

"दोन कंपन्या आपसात भांडणार नाहीत?" मी विचारलं.

"कायले भांडतीन? पाट एकच हाय, तलाव दोन. एक आटला का दुसऱ्याचा पानी आपोआप सुटते."

तो गेला. भिंतीवर चिखलाचा अंगठा उमटलेला पाहून बायको करवादली.

आठवड्यानं पुण्याच्या नातीचं बारसं व्हिडिओ कॉलवर पाहताना चित्र थिजलं. मी मोबाइल हलवू लागलो. पाळणा म्हणता म्हणता बायको बोलली, "दम धरा, दुसरा तलाव सुटून राहिला." आणि खरंच, नात हलली, तिनं भलीमोठी जांभई दिली!

त्या वायर जोडणाऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तो अंगठा मात्र बायको कुणाला पुसू देत नाही.