लागलं का?

आईच्या छातीत गाठ होती आणि ती तिनं माझ्यापासून लपवली. का, तर मी करत होते ते औषध तयार व्हायचं होतं म्हणून. इतक्या वर्षांनीही हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

नव्वदच्या दशकात मी बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत होते. कर्करोगाच्या पेशीवर बाहेरून खुंट्यांसारखे रिसेप्टर असतात. त्यातल्या एकाला घट्ट धरेल असं प्रोटीन आम्ही घडवत होतो. प्रोटीनमधला एखादा दुवा बदलायचा, ते पेशींवर ओतायचं आणि मग धुवायचं. धुऊनही धरून राहील ते खरं. बहुतेक वेळा काहीच राहत नसे.

सुट्टीत कुंभकोणमला घरी गेले की आई विचारायची, तू तिथं करतेस तरी काय? आता हे सांगायचं कसं? आमच्या घरची मराठी म्हणजे स्वयंपाकाची, सोवळ्याओवळ्याची, भांडणाची. पूर्वजांनी तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात इकडे येताना आणली तेवढीच. उंबऱ्याबाहेर तमिळ, प्रयोगशाळेत इंग्रजी. 'बाइंड' होतं याला मी शब्द कुठून आणू? म्हटलं, "बायकांच्या छातीत वाईट गाठ येते ना, तिला लागणारं काहीतरी करतोय. दाराला कडी लागते तसं."

"लागलं का मग?"

"अजून नाही."

तेव्हापासून दर फोनला हाच प्रश्न. आईला माझ्या कामात एवढा रस, याचं मला कोण अप्रूप. गाठ तेव्हाच तिच्या हाताला लागलेली होती, हे मला कुठं ठाऊक.

एकदा खरंच लागलं. कितीही धुतलं तरी सुटेना. मी तशीच फोनच्या बूथवर धावले. "आई, लागलं." ती म्हणाली, "लागू झालं ना, आता भीती नाही."

आमच्यात 'लागलं' काय नि 'लागू झालं' काय, एकच, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही.

पुढं उंदरांच्या अंगात ते प्रोटीन टिकेना. मूत्रपिंडं ते बघता बघता गाळून टाकायची. रडकुंडीला येऊन आईला सांगितलं, उंदरांत चालत नाहीये. ती म्हणाली, "उंदरांचं जाऊ दे गं."

पुढच्या सुट्टीत पाहिलं, फळीवरचा कॉफीचा फिल्टर काढायला तिचा उजवा हात वर जात नव्हता. तंजावरला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि तमिळमध्ये विचारलं, "इव्वळवु नाळ एन्न पण्णींग?" इतके दिवस काय करत होतात? आईनं पदर सावरत ऐटीत सांगितलं, माझ्या मुलीनं औषध केलंय, ती आणणार आहे. आईवर ओरडावं की तिच्या पाया पडावं, मला कळेना. डॉक्टरांकडं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्याकडं तर कधीच नव्हतं.

शेवटी शेवटी ती फार बोलत नसे. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "लागतंय ना अजून?"

"लागतंय, आई."

हे खोटं नव्हतं. बंगळुरूच्या फ्रीजमधलं ते प्रोटीन प्लेटमधल्या पेशींना तेव्हाही तितकंच घट्ट धरत होतं.

"मग कधी आणतेस?" ती म्हणाली.